पार्सलचे दोन नंबर

दुबई

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

कार्गोवाल्याच्या पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. तिच्यावर दोन नंबर आहेत. वरचा, अक्षरांनी सुरू होणारा, कार्गोवाल्याचा स्वतःचा. त्याला हाउस नंबर म्हणतात आणि तो त्याच्याच साइटवर चालतो. विमान कंपनीच्या साइटवर टाकलात तर ‘सापडत नाही’ असं येईल. सामान हरवलं असं समजू नका.

खाली पेनाने लिहिलेला १७६-४०२१८३५६ हा मास्टर एअर वेबिल नंबर, म्हणजे विमान कंपनीच्या मालपावतीचा. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे: १७६ म्हणजे एमिरेट्स, एअर इंडिया असती तर ०९८. पुढचे आठ आकडे त्या मालाचे. त्यातला शेवटचा नुसता तपासणीचा. बाबा, ४०२१८३५ ला ७ ने भागून बघा, बाकी ६ उरते, तोच आठवा आकडा. म्हणून शेवटी ७, ८ किंवा ९ दिसला तर नंबर उतरवताना चुकलाच. पण ही तपासणी सगळं पकडत नाही. १ आणि ८ शेजारी आहेत, ते उलटे लिहून ४०२८१३५ केलंत तरी बाकी ६च येते, आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाचा माल बघत बसाल. आई, तू डायरीत मराठी आकडे लिहितेस. तुझा १ बाबांना इंग्रजी नऊ वाटतो. फोटोवरूनच टाका.

विमान कंपनीच्या साइटवर आर-सी-एस दिसलं की माल इथे विमान कंपनीच्या ताब्यात गेला, डी-ई-पी म्हणजे विमान निघालं. आर-सी-एफ म्हणजे मुंबईत विमानातून उतरवून घेतला. कस्टम्स त्यानंतर, त्यामुळे आर-सी-एफवर दोन-चार दिवस काहीच हललं नाही तरी घाबरू नका. डी-एल-व्ही म्हणजे माल कार्गोवाल्याच्या माणसाच्या हाती दिला, आपल्या दारात नव्हे. बहुतेक फोनाफोनी याच शब्दावरून होते.

नगांचा आकडा बघून दचकू नका. मास्टरखाली बऱ्याच घरांचे खोके एकत्र असतात, म्हणून आपले ३ असून तिथे ४२ दिसतील. ४२ पैकी ३० उतरले असं दिसलं तर उरलेले पुढच्या विमानाने येतायत. त्या ३० मध्ये आपले आहेत का, हे साइट सांगत नाही. ते कार्गोवाल्यालाच हाउस नंबर सांगून विचारायचं. कस्टम्सच्या नावाने एसएमएसवर लिंक आली तर पैसे भरू नका, आधी मला फोन करा.

प्रत्येक खोक्यावर मार्करने हाउस नंबर आणि १/३, २/३, ३/३ लिहिलंय. तिन्ही मोजून, टेप फाटलेली नाही ना बघून मगच सही करा. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या २/३ मध्ये आहेत, तो आडवा ठेवू नका.

तुमची,
छोटी