फाईलमध्ये अडकलेल्या रिपोर्टांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमच्या मंडळाच्या कपाटात एक जाडजूड फाईल आहे. तिच्यात सिकलसेल, थॅलेसेमिया अशा रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीचे रिपोर्ट आहेत आणि प्रत्येकाखाली एकच शेरा दिसतो : ‘खात्रीसाठी डीएनए तपासणी करावी.’ ही तपासणी पैशांअभावी राहिली आहे. त्यासाठी तुमच्यापुढे हात पसरतो आहोत.

हिमोग्लोबिनचे, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे, हजाराहून जास्त आनुवंशिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. त्यांतले बरेचसे निरुपद्रवी. सिकलसेल मात्र हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल आल्याने होतो, फरक एवढाच. १९४९ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विद्युतप्रवाहात हे हिमोग्लोबिन नेहमीच्यापेक्षा वेगळं सरकतं. विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीची पट्टी आजही याच तत्त्वावर चालते. पण नेहमीच्या अल्कली पट्टीवर एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) आणि डी हा दुसरा प्रकार एकाच जागी येऊन थांबतात. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजून आलेख काढणारी तपासणी, त्यांना वेगळं करते, तर तिथे ई हा प्रकार आणि सगळ्यांच्या रक्तात थोडं असणारं ए२ एकत्र येतात. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची अल्फा किंवा बीटा साखळी कमी बनते; त्यातल्या अल्फा थॅलेसेमियाच्या वाहकाचा (स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणाऱ्याचा) आलेख तर बहुतेक वेळा अगदी नॉर्मल दिसतो. अशा वेळी जनुकच वाचावं लागतं.

परवा एका जोडप्याचे दोन आलेख टेबलावर शेजारी ठेवले. नवऱ्याचं ए२ ५.२ टक्के, नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक. बायकोचं ३.४, अगदी सीमेवरचं, आणि अंगात लोह कमी. लोह कमी असलं की ए२ खाली येऊ शकतं, त्यामुळे या आकड्यावर विसंबता येत नाही. ती वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक. तिला तिसरा महिना लागलाय. लोहाच्या गोळ्या देऊन पुन्हा तपासू म्हणायला वेळ कुठे आहे? जांभळ्या झाकणाच्या नळीत तिचं रक्त फ्रिजमध्ये तयार आहे, पुढे पाठवायचं तेवढं बाकी आहे.

जमेल तेवढी रक्कम द्या. एका जोडप्याच्या तपासणीचा पूर्ण भार कोणी उचलला तर फारच मोलाचं होईल. एचपीएलसीचे आलेख वाचायची सवय असलेल्या टेक्निशियन मंडळींनी महिन्यातून एखादी संध्याकाळ दिली, तरी आमचं निम्मं काम हलकं होईल. आणि नमुने थंड पेटीतून वेळेत पोचवणारं कोणी हवंच आहे.

तपासणीला येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती : गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलं की आलेख फसवतो. जुने रिपोर्ट, आईवडिलांचे असले तरी, सोबत आणा.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल. कोणत्या तपासणीवर किती खर्च झाला ते रुग्णाचं नाव न सांगता कळवू. पहिल्या रकमेतून फ्रिजमधली ती नळी रवाना होईल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते