समीक्षकाची मोजमापं घ्या, मालकाच्या तक्रारी घ्या

महोदय,

दसरा-दिवाळीच्या सुमारास इंदूरच्या जेल रोडवर आणि ऑनलाइनही स्पीकर-अँप्लिफायरची खरेदी वाढते आणि दरवर्षी तोच वाद रंगतो. मासिकांतल्या नि यूट्यूबवरच्या समीक्षकांचं ऐकावं, की ज्यांनी पदरचे पैसे मोजून वस्तू घरात आणली त्यांचं? आमच्या मते समीक्षकाकडून मोजमापं घ्यावीत, मालकाकडून तक्रारी. कौतुक दोघांचंही सोडून द्यावं.

मालकाकडे एकच जोडी असते आणि तीत त्याचे चाळीस-पन्नास हजार अडकलेले असतात. ती उत्तमच आहे असं तो म्हणणारच. समीक्षकाची अडचण वेगळी. नमुना कंपनीकडून येतो, काही आठवड्यांनी परत जातो आणि पुढचा नमुना यावा अशी त्याचीही इच्छा असते. शिवाय डोळे कानांना फसवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 साली तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले, आणि त्यातून मुरलेले श्रोतेही सुटले नाहीत. तेव्हा ‘मखमली’, ‘हवेशीर’ ही विशेषणं कोणाचीही असोत, वाचून पुढे जावं.

आकडे मात्र नीट वाचावेत. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, 2.83 व्होल्टला, एक मीटरवर मोजतात. एवढ्या व्होल्टला 8 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध) स्पीकर 1 वॉट घेतो आणि 4 ओहमचा 2 वॉट, म्हणजे 4 ओहमवाल्याला 3 डेसिबल फुकटात मिळतात. दुसरा आकडा किमान ओहमचा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे छापील ओहमच्या 80 टक्क्यांखाली तो जाऊ नये, म्हणजे 8 ओहमसाठी 6.4. ‘8 ओहम’ छापलेले कित्येक स्पीकर प्रत्यक्षात 4 पर्यंत उतरतात. मग कमी ताकदीचा रिसीव्हर (अँप्लिफायर) मोठ्या आवाजात तापून बंद पडतो आणि गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं. मालकाला ‘गरम होतो’ एवढंच सांगता येतं; त्यामागचं कारण समीक्षकाने मोजलेल्या ओहमच्या आलेखातच सापडतं. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल जोराचे, हजारो वॉट बघूच नयेत, सतत मिळणारे आरएमएस वॉट तेवढे विचारावेत.

पण परदेशी परीक्षण इथे आणताना खोलीचा विचार कोणी करत नाही. अमेरिकेत बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या असतात. त्या खालच्या स्वरांबरोबर हलतात आणि खर्ज थोडा गिळतात. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती तो जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात, शिवाय जमिनीवर कोटा फरशी किंवा टाइल्स. तिथल्या समीक्षकाला ‘खर्ज जरा कमी’ वाटलेला स्पीकर इंदूरच्या फ्लॅटमध्ये घुमू शकतो.

खोली कोणत्या स्वराला घुमेल याचा हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला 344 मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागायचं. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच खोली घ्या. 12 फुटांना 47 हर्ट्झ येतात, 10 फुटांना 56, आणि रुंदी-उंची सारखीच असल्याने 56 दोनदा येतात. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार 55 वर बोलते. तो स्वर आला की खोली दणाणते आणि शेजारचा स्वर कुठे गेला ते कळत नाही. हा दोष ना स्पीकरचा, ना समीक्षकाचा. पडद्यांनी फक्त वरचे स्वर दबतात, खर्जाला ते लागतही नाहीत. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढावा, कोपरा टाळावा, पाठीमागे भोक असेल तर त्यात फोमचा बोळा घालून पाहावा. आपल्या इंदूरच्याच उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावून पाहावा. मंद्रातले स्वर सारख्याच वजनाने यायला हवेत. एखादाच फुगला, तर आधी जागा बदलावी, मग स्पीकर.

मालकांचं ऐकायचं ते वर्ष-दोन वर्षांनंतरच्या गोष्टींसाठी. स्पीकरमधल्या हलणाऱ्या शंकूभोवतीची फोमची कड दहा-पंधरा वर्षांत भुगा होते, रबराची टिकते. सबवूफरच्या (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या) पाठीतला अँप्लिफायर बंद कपाटात तापतो, आणि दर 10 अंश वाढीला आतल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात खोलीच चाळिशीजवळ असते. सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीला कुठे पाठवावं लागतं, हे समीक्षकाच्या गावीही नसतं. एकाची तक्रार नशिबाची असेल. तीच तक्रार चार शहरांतून, तेवढ्याच महिन्यांनी आली, तर दोष बनावटीतला आहे.

अमेरिकेहून नातेवाइकांकडून टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवणारं यंत्र) मागवणाऱ्यांनी तर इथल्या मालकालाच गाठावं. 120 व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, 60 हर्ट्झचा नाही. जुन्या सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या हर्ट्झप्रमाणे फिरणाऱ्या मोटरवाल्या यंत्रात आपल्या 50 हर्ट्झवर मिनिटाला 33⅓ ऐवजी 27.8 फेरे पडतात. काळी एकमधला सा खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतो. 50 हर्ट्झची पुली मिळत असेल तरच यंत्र घ्यावं.

दुकानात दोन अँप्लिफायर ताडून पाहायचे तर मल्टिमीटर न्यावा. 200 हर्ट्झचा स्थिर स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवरचे एसी व्होल्ट दोन्हींचे 2 टक्क्यांच्या आत जुळवावेत. एक डेसिबल जास्त असलेला ‘मोठा’ वाटत नाही, ‘स्वच्छ’ वाटतो, आणि विक्रेत्याचा हात नेमका महाग वस्तूच्या बटणावर असतो.

ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस 19000:2022 आहे, पण ते ऐच्छिक. जाहिरातवजा शिफारशीत कंपनीशी असलेलं नातं उघड करावं, असं ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये बजावलं आहे. आपल्या पुरवणीत ध्वनियंत्रांवर लेख येतात, त्यांच्या खाली चार ओळींची चौकट द्यावी ही विनंती: नमुना कोणाचा, किती दिवस वापरला, खोलीची लांबी-रुंदी-उंची काय, आणि आवाज जुळवून तुलना केली की नाही.

— एक वाचक, रामबाग, इंदूर