सेंट थॉमस कॅथेड्रलच्या मराठी पुस्तिकेसाठी हातभार लावा

मंडळी, नमस्कार.

चर्चगेटला आपण रोज उतरतो. पण त्या नावातलं चर्च कुठलं, असं विचारलं तर भलभलती उत्तरं येतात. ते हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस. मुंबईच्या किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चच्या वाटेवर होता, तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजाही गेला. नाव तेवढं राहिलं.

फोर्टमध्ये राहणारे आणि नोकरी करणारे आम्ही काही जण या वास्तूची मराठी पुस्तिका काढतोय. हजार प्रती, शाळांना फुकट.

ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने १६७६ मध्ये काम सुरू केलं. भिंती पंधरा फुटांवर अडल्या त्या जवळपास चाळीस वर्षं! शेवटी रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी गोळा केली (हो, तेव्हाही वर्गणीच) आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. त्या दिवशी रामा कामाठी आपल्या जातभाईंना घेऊन आला आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभा राहून ऐकत होता. हा कंपनीच्या चाकरीतला शेणवी. वाळकेश्वराचं देऊळ त्यानेच १७१५ मध्ये पुन्हा बांधलं. पुढे दोन वर्षांत कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आळ घेऊन कंपनीने त्याला तुरुंगात टाकलं. पुरावा म्हणून दाखवलेलं पत्र बनावट होतं. पुस्तिकेत त्याच्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत.

१८३७ मध्ये चर्चचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च झालं, मग बुटक्या घंटाघराच्या जागी आजचा मनोरा चढला. दारासमोरच्या कारंज्याचा आराखडा लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटचा, पैसे कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी शेठचे. आत भिंतीभर संगमरवरी स्मारकं. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकापाशी जरा थांबा : काशी आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचा मजकूर तिथे कोरलाय, आणि त्याचा पट धरून आहेत दगडात कोरलेली दोन लहान मुलं.

असे शिलालेख उतरवून मराठीत आणायला माणसं हवीत. इंग्रजी वाचता यावं आणि शनिवारी दोन तास मोकळे असावेत, एवढंच. कुणाच्या घरी इथल्या लग्नाचे, नाताळचे किंवा जुन्या सर्कलचे फोटो असतील तर दाखवा. समोरच स्कॅन करून लगेच परत देऊ. छपाईसाठी शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल.

शनिवारी सकाळी दहाला कारंज्यापाशी भेटू. पेन्सिल आणि वही घेऊन या. स्मारकांना हात मात्र लावायचा नाही.