मी न्यूजर्सीला का जात नाहीये

प्रिय आई-बाबा,

सा. न.

रविवारी फोनवर आई तू परत तेच म्हणालीस, तिथे डोंगरात एकटी कशाला राहतेस, न्यूजर्सीला जा, ताई आहे, मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, काही झालं तर चार आपली माणसं धावून येतील. बाबा काही बोलले नाहीत पण मागून त्यांचं हं हं ऐकू येत होतं. फोनवर मला हे नीट बोलता येत नाही, तुझा आवाज भरून येतो आणि मग मीच विषय बदलते, म्हणून सरळ लिहायला बसले. मी नॉर्थ कॅरोलायनातलं हे ॲशव्हिल सोडत नाहीये. आणि त्याचं कारण नोकरी नाहीये, नोकरी तिकडेही मिळेल. कारण माझा हॅम रेडिओ क्लब आहे, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचा.

तुम्हाला हेलीन वादळाच्या वेळचं आठवतंय ना, सप्टेंबर २०२४. २६ तारखेच्या रात्री ते वादळ फ्लोरिडात जमिनीवर आलं आणि २७ ला सकाळी आमच्याकडे. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात, त्यामुळे इथल्या कोणाला वाटलंच नव्हतं असं काही होईल. आधी दोन दिवस पाऊस होताच, त्यावर हे. स्वॅनानोआ आणि फ्रेंच ब्रॉड दोन्ही नद्या गावात शिरल्या. तुम्ही २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली बघितलीय, तेव्हा पाणी काय करतं हे सांगलीच्या माणसांना मी नव्याने काय सांगू. पण आपल्याकडे पाणी चढताना दिसतं, कोयनेतून किती सोडलं ते कळतं, माणसं सामान वर नेऊन ठेवतात. इथे काही तासांत सगळं झालं, आणि वीज, पाणी, मोबाईल, इंटरनेट सगळं एकदम गेलं. नळाला पिण्यासारखं पाणी यायला नोव्हेंबर उजाडला. नुसत्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराच्या वर माणसं गेली.

त्या दिवसांत ताईला एका अमेरिकन माणसाचा फोन आला होता, तुमची बहीण सुखरूप आहे, घरी आहे, फोन बंद आहेत, काळजी करू नका, आणि मग ताईने तुम्हाला कळवलं. आई तू नंतर कितीतरी वेळा विचारलंस की तो माणूस कोण होता. मी त्याला ओळखत नाही ग, कधी भेटलेही नाहीये. झालं असं की आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आजोबा राहतात, त्यांनी व्हरांड्यात गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावून ठेवला होता आणि सगळी गल्ली तिथे येऊन उभी राहायची. इथून जवळ माउंट मिचेल आहे, ६,६८४ फूट, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं सगळ्यात उंच शिखर, आणि त्यावर हॅमवाल्यांचा रिपीटर आहे, १४५.१९० मेगाहर्ट्झचा. रिपीटर म्हणजे खालचा बारीक सिग्नल ऐकायचा आणि त्याच क्षणी शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत सोडायचा. एवढ्या उंचावर असल्यामुळे हातातल्या पाच वॅटच्या रेडिओवरून बोललेलं आजूबाजूच्या राज्यांपर्यंत पोचतं. मोबाईलचे टॉवर बंद पडले पण हा चालू राहिला. दिवसरात्र त्यावर लोक होते, कुठला रस्ता वाहून गेलाय, कोणाला ऑक्सिजन हवाय, कोणाला इन्सुलिन, अमुक रस्त्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना कोणी बघून येईल का. आजोबांनी माझं नाव आणि ताईचा नंबर सांगितला, जिथे फोन चालू होते तिथल्या कोणीतरी तो लिहून घेतला आणि लावला. पैसे नाहीत, ओळख नाही, आणि बहुतेक माझ्यानंतर त्याने अजून कितीतरी जणांच्या घरी फोन केले असतील.

वीज आल्यावर मी त्या आजोबांकडे गेले आणि म्हटलं, हे मला शिकवा. त्यांनी क्लबमध्ये नेलं.

लायसन्सची परीक्षा अवघड नाहीये बाबा, तुम्ही उद्या बसलात तर पास व्हाल. पहिली टेक्निशियनची, ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की झालं, आणि प्रश्नसंच आधीपासून सगळ्यांसाठी खुला असतो. परीक्षा घेतात ते पण क्लबचेच स्वयंसेवक, सरकारला ३५ डॉलर भरायचे आणि लायसन्स १० वर्षं चालतं, अमेरिकेचं नागरिक असावं लागत नाही. मोर्स येण्याची अटही २००७ पासून काढून टाकलीय. मी नंतर वरची जनरलची पण दिली कारण लांबवर पोचणाऱ्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, बोलायला ती लागते.

आता क्लबमध्ये करतो काय हे बाबांनी विचारलं होतं. महिन्याला एक मीटिंग असते, त्यात कोणीतरी काहीतरी शिकवतं, अँटेना कसा कापायचा, सोल्डरिंग, बॅटरीचा हिशोब. वादळाची चाहूल लागली की, वीज कडाडायच्या आधीच, अँटेनाची वायर काढून घराबाहेर टाकायची हे पण आधी शिकवतात, म्हणजे आई तू ती काळजी करू नकोस. डोंगरात सायकलच्या किंवा पळायच्या शर्यती असतात तेव्हा आम्ही ठिकठिकाणी रेडिओ घेऊन उभे राहतो कारण तिथे मोबाईलला रेंजच नसते, कोणी पडलं तर ॲम्ब्युलन्सला आम्ही सांगतो. आणि दर आठवड्याला नेट असतं. इंटरनेट नाही, रेडिओवरची हजेरी. एक जण नेट कंट्रोल असतो, तो पुकारतो, मग एकेकाने आपला कॉलसाईन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेली अक्षरं-आकड्यांची खूण, सांगायचा, काही विशेष असेल तर बोलायचं. वरवर बघितलं तर त्यात काहीच नसतं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाचे टोमॅटो. पण ते आजोबा, ऐंशीच्या पुढचे आहेत, बायको गेलीय, मुलगी लांब, ते रोज सकाळी काही मित्रांच्या छोट्या नेटवर येतात, आणि एखाद्या दिवशी आले नाहीत आणि फोनही उचलला नाही तर कोणीतरी गाडी काढून घरी बघायला जातं. हिवाळ्यात एकदा ते बाथरूममध्ये घसरले होते, ते असंच कळलं. आई, काही झालं तर कोण धावून येईल असं तू विचारतेस ना. मीही आता त्या सकाळच्या नेटवर असते. ऑफिसला निघायच्या आधी.

सगळ्यात मजा येते फील्ड डेला. जूनचा चौथा पूर्ण वीकेंड, १९३३ पासून चालू आहे, आणि अमेरिका-कॅनडातले हजारो हॅमवाले त्या दिवशी घर सोडून मैदानात जातात. लाईट गेलीय असं धरून चालायचं, म्हणजे बॅटरी, सोलर, जनरेटर एवढ्यावरच, आणि शनिवारी दुपारी दोनपासून चोवीस तास जितक्या स्टेशनांशी बोलता येईल तितकं बोलायचं. आम्ही सकाळपासूनच जातो. झाडांवर वायर चढवायची असते, ती कशी माहितीये, मोठ्या गलोलीने दोरीला बांधलेलं शिसं उंच फांदीवरून पलीकडे मारायचं, मग त्या दोरीने अँटेना ओढून घ्यायचा. ४० मीटरच्या बँडसाठी वीस मीटर वायर, मधोमध केबल. एक शाळेतली मुलगी पहिल्याच फटक्यात दोर पार करते, आम्ही मोठे बघत राहतो.

रात्रीची पाळी मी मागून घेतली. दिवसा ह्या बँडवर जवळचीच राज्यं लागतात, कारण वातावरणात खूप वर जे थर असतात त्यांच्यात सगळ्यात खाली सूर्यामुळे एक थर तयार होतो आणि तो लहरी खाऊन टाकतो. अंधार पडला की तो थर विरतो, मग लहरी वरच्या थरावर आपटून कुठच्या कुठे जाऊन उतरतात. टेबलावर एक कंदील, समोर लॉग लिहायचा लॅपटॉप, आणि हेडफोनमध्ये खरखरीतून एकेक आवाज वर येतो, आपण म्हणायचं थ्री अल्फा, नॉर्थ कॅरोलायना, तो त्याचं सांगतो, थँक्यू, पुढचा. थ्री म्हणजे आमचे तीन ट्रान्समीटर. मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्निया यायला लागलं, आणि शेजारी बसलेले रिटायर्ड लाईनमन काका तू पाठवलेला भडंग खात मला हळूच सांगत होते की घाई करू नकोस, जो बारीक ऐकू येतोय त्याला आधी घे, जोराचे थांबतील. पहाटेपर्यंत डबा संपला. अजून पाठव, मिरची तेवढीच असू दे, त्यांना चालते.

मंडळ मला नको आहे असं नाही ग. दिवाळीला मी ताईकडे जाणारच आहे. पण मी अडकले होते तेव्हा मला ज्यांनी बाहेर पोचवलं ती माणसं इथे आहेत, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या आईला कळवायला मी इथे असायला पाहिजे. हे मला मनापासून वाटतं.

आणि तुमच्यासाठी एक सोय केलीय. विनलिंक म्हणून एक पद्धत आहे, त्यात माझ्या घरून रेडिओवरून ईमेल जाते, माझ्याकडचं इंटरनेट बंद असलं तरी, लांबच्या जिथे इंटरनेट चालू असेल अशा स्टेशनवर ती उतरते आणि तिथून नेहमीसारखी तुमच्या जीमेलवर. बाबा, परवा मी एक टेस्ट मेल टाकलीय, पाठवणाऱ्याच्या जागी माझा कॉलसाईन दिसेल, इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅममध्ये बघा आणि तिथून बाहेर काढा. तिलाच रिप्लाय करा, म्हणजे मला परत रेडिओवर मिळेल. दोनच ओळी लिहा, फोटो जोडू नका, फार वेळ लागतो. आणि बँकेचं, घराच्या व्यवहाराचं त्यात काही लिहू नका कारण हे सगळं उघड्यावर जातं, कोणीही वाचू शकतं. आईच्या बीपीचा आकडा लिहिलात तरी चालेल.

तुमची,
छोटी