आता मला धीर देऊ नका

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगायचं म्हणून दोनदा मनाची तयारी केली आणि दोन्ही वेळा भलत्याच विषयावर बोलत बसले. म्हणून लिहायला घेतलंय. सावकाश वाचा. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवलंत तर बरं, तिचा चष्मा बदलायचाय ना अजून.

आधी मागणं सांगते, कारणं मग. रात्री मी फोन करून विचारते, "बाबा, आज गाडी चालवताना माझ्याकडून कुणाला लागलं तर नसेल ना?" त्यावर तुम्ही गेली चार वर्षं न कंटाळता सांगता, "नाही गं बाळा, खड्डा असेल." हे उत्तर आता मला देऊ नका. आई, तूही नाही.

वाईट वाटेल, माहीत आहे. तुमच्या त्या एका वाक्यावर मी कितीतरी रात्री काढल्यात. पण बाबा, त्या वाक्याने मिळणारा दिलासा दहा मिनिटंही टिकत नाही. फोन ठेवला की मन म्हणतं, बाबांना मी नीट सांगितलंच नाही, आवाज खड्ड्याचा नव्हता, जरा मऊ होता. मग पुन्हा फोन. मागच्या पावसाळ्यात तर एका वळणावर मी सहा वेळा परत गेले. टॉर्च घेऊन रस्त्याची कड पाहिली, बंपरवरून हात फिरवला. घरी पोचायला दीड तास उशीर झाला आणि तुम्हाला सांगितलं, ट्रॅफिक होतं.

याला ओसीडी म्हणतात, नको तो विचार सारखा मनात येतो आणि तो घालवायला तीच गोष्ट पुन्हापुन्हा करावी लागते. आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ. आजीला सगळे तेच म्हणायचे. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना पडलेल्या भेगा मला अजून आठवतात. कुणी तिला डॉक्टरकडे नेलं नाही, कारण हा स्वभाव आहे असंच सगळ्यांना वाटलं. हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो. आई, "आमचं कुठे चुकलं?" असं तू मागे विचारलंस, त्याचं उत्तर इथेच देते. तुमच्या वाढवण्यामुळे हे झालेलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, मला तसं नीट समजावून सांगितलंय.

मी आधी एका समुपदेशकांकडे सात महिने जात होते. माणूस फार प्रेमळ. दर आठवड्याला मी तोच प्रश्न विचारायचे आणि ते समजावायचे की तू इतकी काळजीपूर्वक गाडी चालवतेस, असं होणं शक्यच नाही. बाहेर पडताना हलकं वाटायचं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. म्हणजे त्यांच्याकडे जाणं हीसुद्धा माझी एक खात्री करून घेण्याची पद्धत होऊन बसली होती. थेरपी म्हटली की ती सगळी सारखीच, असं मी समजत होते. बोलून मन मोकळं करण्याची थेरपी दुःखात, नात्यांच्या गुंत्यात उपयोगी पडते. ओसीडीला ती एकटी पुरत नाही.

आताच्या थेरपिस्ट बाई वेगळं करतात. त्याला ईआरपी म्हणतात, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. भीती वाटते तिथे जायचं आणि भीती घालवायला जे करतो ते करायचं नाही. 1966 साली व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये दोन रुग्णांवर हे करून पाहिलं. त्यांतल्या धुण्याचा मंत्रचळ असलेल्या बाईंना वॉर्डातल्या नर्स सोबत राहून हात धुण्यापासून थांबवत. हे वाचलं तेव्हा आजी डोळ्यांसमोर आली. तेव्हा ती तिशीतही नसेल.

माझ्या बाबतीत काय केलं ते सांगते. आधी भीतीची उतरंड लिहिली, शून्य ते शंभर. रिकाम्या रस्त्यावर दिवसा गाडी चालवणं 30. संध्याकाळी शाळेवरून जाणं 75. पावसात, रात्री, गतिरोधकांच्या रस्त्यावरून जाणं 95. मग बाई एक दिवस शेजारच्या सीटवर बसल्या. गाडी गतिरोधकावरून धाडकन गेली. मी आरशात बघायला मान वळवली, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "समोर बघा." हात स्टिअरिंगला चिकटले होते, घशाला कोरड पडली होती. त्यांनी मला मोठ्याने म्हणायला लावलं, "कदाचित कुणाला लागलं असेल, कदाचित नसेल. मी परत जाणार नाही." बाबा, ते वाक्य तोंडातून निघेना. तिसऱ्या वेळी निघालं. पाऊण तासाने आकडा 80 वरून 40 वर आला. दुसऱ्या दिवशी तो रस्ता मी एकटीने केला, तेव्हा आकडा फारसा उतरलाच नाही, तरी मी परत फिरले नाही. बाई म्हणाल्या, आजचा दिवस कालच्यापेक्षा चांगला. भीती असतानाही पुढे जाता येतं हे डोक्याला कळायला हवं, ती दर वेळी ओसरायलाच हवी असं नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की तुमचं उत्तर कुठे बसतं. मी रस्त्यावर परत फिरणं थांबवलं, पण रात्री फोनवरून तुमच्यामार्फत परत फिरतेच आहे. प्रत्येक "काही झालं नाही" माझ्या डोक्याला सांगतं, बघ, विचारलंस म्हणून वाचलीस.

बाबा, गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं होतंत. हो, घेते. एसएसआरआय जातीच्या आहेत, म्हणजे नैराश्यातही देतात त्या. ओसीडीत त्यांचा डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक पडलाय की नाही हे ठरवायला 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी "काही उपयोग नाही" म्हणाले तेव्हा डॉक्टर हलले नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची जशी चटक लागते, तशी यांची लागत नाही. मात्र एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. तेव्हा "आता बरं वाटतंय तर सोड ना" असं कृपा करून म्हणू नका. ओसीडी किती तीव्र आहे हे बघायला एक दहा प्रश्नांची चाचणी असते, 40 पैकी गुण, कमी तितकं बरं. सुरुवातीला माझे 27 होते. चौदा सेशननंतर 19 आहेत.

दादाचंही थोडं लिहिते, त्याने लिहायला सांगितलंय. त्याची एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अस्वस्थपणाच्या त्रासाची, तपासणी चालू आहे, बेचाळिसाव्या वर्षी. "या वयात कुठून आलं?" असं वाटेल. या वयात आलेलंच नाही, मोठेपणी निदान करतानाही खुणा बाराव्या वर्षाआधी होत्या का हे बघतात. म्हणून डॉक्टरांना त्याची शाळेतली प्रगतिपुस्तकं हवी आहेत. आई, तुझ्या लोखंडी ट्रंकेत आहेत ना? "हुशार आहे, पण लक्ष नसते" हा शेरा मला पाठ आहे, कारण त्यावरून त्याने किती बोलणी खाल्ली ते मी पाहिलंय. त्याच्यासाठी बहुधा औषध आणि सोबत वेगळ्या धाटणीची सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, असेल. तीत भीतीपेक्षा भर असतो तो कामाचे तुकडे पाडण्यावर, वेळ डोळ्यांना दिसेल अशी ठेवण्यावर, सुरुवात कशी करायची यावर. काय करायचं हे त्याला नेहमीच कळत होतं. सुरू होत नव्हतं. बाबा, त्याला एकदा फोन करा, तो तुमच्या फोनची वाट बघतोय.

मला ऑटिझम (स्वमग्नता) आहे का, याचीही डॉक्टरांनी चौकशी केली, कारण ऑटिस्टिक माणसांत ओसीडी बऱ्यापैकी आढळतो. त्यांचा एक प्रश्न मला फार आवडला. तीच गोष्ट पुन्हापुन्हा करताना तुम्हाला छान वाटतं, की केली नाही तर जीव जाईल असं वाटतं? मला छान कधीच वाटलं नाही. माझी ऑफिसमधली मैत्रीण ऑटिस्टिक आहे, तिला तिच्या ठरलेल्या क्रमात खरंच शांत वाटतं. तिच्या थेरपिस्टने तो क्रम मोडायला हात लावला नाही. तिची थेरपी चिंतेसाठी आहे. तिच्या सोयीने खोलीतला दिवा मंद ठेवतात, घुमवून न बोलता सरळ बोलतात आणि ठरलेलं सगळं कागदावर लिहून देतात. असंच असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता आपलं. बाईंनी आणि मी मिळून तुमच्यासाठी एक वाक्य तयार केलंय. मी तो प्रश्न विचारला की म्हणायचं: "हा प्रश्न आजाराचा आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही. पण मी फोनवर आहे." एवढंच. मग दुसरं काहीही बोला, किंवा नुसते गप्प बसून राहा. फोन ठेवू नका. पहिला आठवडा रोज एकदा उत्तर दिलंत तरी चालेल, दुसऱ्यापासून अजिबात नाही. मी चिडेन. आवाज चढवेन. प्रश्न फिरवून विचारेन, "आज पेपरात अपघाताची बातमी होती का?" हाही तोच प्रश्न आहे, ओळखा. सुरुवातीचे काही दिवस मी आधीपेक्षा वाईट अवस्थेत आहे असं वाटेल, ते अपेक्षित आहे. आई, मी रडले तर तू फोन बाबांकडून ओढून घेशील, मला माहीत आहे. नको घेऊस. त्यांच्या शेजारी बस.

आणि बाकी सगळं विचारायची, सांगायची, हट्ट करायची मुभा मला पूर्वीसारखीच असू द्या. बंद फक्त हा एक प्रश्न करायचाय.

येत्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता बाईंनी तुम्हा दोघांना व्हिडिओवर बोलावलंय, अर्धा तास. जे विचारायचं ते विचारा, माझ्यासमोर नको असेल तर मी बाहेर जाईन. आपण रविवारपासून सुरू करू. नऊ वाजता माझा फोन येईल. वाक्य मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवतेय, बाबा, ते फोनशेजारी ठेवा.

तुमची,
लेक

ता. क. प्रगतिपुस्तकांमध्ये तिसरी आणि चौथीची नक्की शोध, आई. ट्रंकेत तळाशी, निळ्या फाईलमध्ये असतील.