आईच्या दोन नावांत अडलेला व्हिसा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जुन्या जन्मनोंदींतील आईच्या नावाची दुरुस्ती आणि द्विभाषिक दाखले

महोदय,

व्हिसा देणे-नाकारणे आपल्या हातात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही आई-वडिलांच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाबद्दलचे हे पत्र परराष्ट्र खात्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहोत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्येष्ठांचे अर्ज भरायला मदत करताना फाइल पुन्हा पुन्हा एकाच कागदावर अडते, तो म्हणजे परदेशातल्या मुलाचा किंवा मुलीचा जन्मदाखला. आणि जन्म-मृत्यू नोंदणी आपल्या खात्याकडे आहे.

कॅनडाच्या सुपर व्हिसाचे, म्हणजे तिथल्या मुलांच्या आई-वडिलांना दीर्घ मुदतीसाठी भेटीला येऊ देणाऱ्या व्हिसाचे, उदाहरण घ्या. आई-वडिलांना कायमचे नेण्याचा रस्ता बहुतेकांना बंदच आहे, कारण आई-वडिलांना बोलावण्यासाठी 2020 साली ज्या मुलांनी नावे नोंदवली त्यांच्यातूनच पुढची वर्षे निवड होत राहिली. सुपर व्हिसावर मात्र एका प्रवेशात 5 वर्षांपर्यंत राहता येते. जुलै 2022 पूर्वी ही मुदत 2 वर्षे होती.

त्यासाठीचे बाकीचे कागद जमवणे कष्टाचे असले तरी माणसाच्या हातातले आहे. मुलाचे सहीचे निमंत्रणपत्र हवे, त्यात खर्च उचलण्याची हमी आणि घरातल्या माणसांची संख्या हवी. इथे हमखास चूक होते. नवरा, बायको, दोन मुले असे 4 लिहिले जातात आणि येणारे आई-वडील धरायचे राहतात. प्रत्यक्षात उत्पन्नाची किमान मर्यादा 6 माणसांची बघितली जाते. आरोग्य विमा किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशाच्या दिवसापासून निदान 1 वर्षाचा लागतो. पैसे भरल्याचा पुरावा जोडायचा, नुसते कोटेशन चालत नाही. वैद्यकीय तपासणी कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते. दोघांचे दोन स्वतंत्र अर्ज, प्रत्येकी 100 डॉलर शुल्क आणि बोटांचे ठसे व फोटो यांचे 85 डॉलर. यातले काही चुकले तर थोड्या दिवसांत निस्तरता येते. जन्मदाखल्याचे तसे नाही.

असा एक दाखला कसा दिसतो, ते सांगतो. 1981 चा जन्म. नोंदवहीवरून हाताने उतरवलेली मराठी प्रत. बालकाच्या नावाचा रकाना रिकामा, लिंग 'पुरुष', वडिलांचे नाव बरोबर, आईचे नाव 'सुशीला'. आईच्या पासपोर्टवर मात्र 'स्नेहल', पुढे नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि जन्माची खबर आजोबांनी दिली, म्हणून लेकीचे माहेरचेच नाव वहीत गेले. लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत आपल्याकडे घरोघरी होती, त्यात कोणाची लबाडी नाही. पण परक्या देशातल्या अधिकाऱ्यापुढे सुशीला आणि स्नेहल या दोन वेगळ्या बायका असतात. तो फोन करून विचारत नाही. फार तर आणखी कागद मागतो, नाहीतर नाते सिद्ध झाले नाही म्हणून अर्ज नाकारतो. शुल्क परत मिळत नाही. वडिलांचा व्हिसा येतो, आईचा येत नाही, आणि सत्तरीच्या जोडप्यातले कोणीच जात नाही.

मुलाचा जुना भारतीय पासपोर्ट जपून ठेवला असेल तर त्याच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे सापडतात आणि काही जण त्यावर निभावतात. मुलाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल तर नव्या पासपोर्टवर ती नावे नसतात.

यावर आज जे उपाय सांगितले जातात, ते एकेक करून पाहा. 'सुशीला आणि स्नेहल ही एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र, आता 500 रुपयांच्या मुद्रांकावर. ते स्वतःचेच म्हणणे असते, त्यामुळे सोबत सरकारी पुरावा नसेल तर त्याला फारसे वजन नसते. दुसरा उपाय राज्य राजपत्रात नावबदल. तो पक्का आहे, पण जुन्या नावाचा पुरावा मागतो, आणि चौथीत शाळा सुटलेल्या बाईकडे शाळा सोडल्याचा दाखला असतोच असे नाही. तिसरा विवाह नोंदणीचा. 1998 च्या कायद्याआधी लग्न झालेल्या अनेकांनी नोंदणी केलेलीच नाही. आता करायला जावे तर साक्षीदार आणि पुरोहित हयात नसतात, आणि इतके करून प्रमाणपत्रावर बहुधा माहेरचेच नाव येते.

खरा उपाय नोंदवहीतच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 प्रमाणे निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहू शकतो. अडचण अशी की 'सुशीला' हे नाव त्या काळी चूक नव्हतेच, मग दुरुस्ती कशाची, असे काही कार्यालयांत ऐकवले जाते. एके ठिकाणी जे कागद चालतात ते दुसरीकडे चालत नाहीत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव आणण्याचा निर्णय राज्याने घेतला, त्याचे आम्हाला मनापासून समाधान आहे. त्याआधी जन्मलेल्यांच्या आयांचाही विचार व्हावा.

म्हणून आपल्या खात्याने सर्व निबंधकांना एक परिपत्रक काढावे. आईचे लग्नानंतरचे नाव 'उर्फ' म्हणून समासात लिहिता येईल, आणि त्यासाठी पासपोर्ट, राजपत्र, विवाह प्रमाणपत्र किंवा माहितगार दोन विश्वासू व्यक्तींचे निवेदन यांपैकी काय पुरेसे आहे, हे त्यात स्पष्ट असावे. बालकाचे नाव नंतर लिहायला नियमाने 15 वर्षांची मर्यादा आहे आणि शासन अधूनमधून मुदतवाढ देते. चाळिशीतल्या माणसाला त्या मुदतवाढीची वाट बघत बसावे लागू नये.

जुन्या नोंदीची प्रत मराठी-इंग्रजी अशी संगणकीय मिळावी. आज हस्तलिखित मराठी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र आणि मूळ दाखल्याची साक्षांकित प्रत असा संच जोडावा लागतो, आणि घरातल्या माणसाने केलेले भाषांतर चालत नाही. त्यात भाषांतरकार 'ज्योत्स्ना' हे नाव इंग्रजीत पासपोर्टपेक्षा वेगळे लिहितो आणि नवा घोळ सुरू होतो. इंग्रजी नाव लिहिताना आई-वडिलांचा पासपोर्ट समोर ठेवला जावा.

वही कुठे आहे, हेही कळू द्या. नवी मुंबई महापालिकेचा कारभार 1992 ला सुरू झाला. त्याआधी घणसोली, तुर्भे ही ग्रामपंचायतींची गावे होती. ठाणे महापालिका 1982 ची. कुठल्या गावच्या कुठल्या वर्षांच्या वह्या आज कोणाकडे आहेत, याची यादी दोन्ही महापालिकांच्या संकेतस्थळावर लावली तर वृद्धांचे हेलपाटे वाचतील. माहेर सातारा-रत्नागिरीकडचे असेल तर अर्ज ठाण्यातून करता यावा, आणि परदेशातल्या मुलाने स्वतः हजर राहायची अट न घालता आई-वडिलांना अधिकारपत्रावर प्रत द्यावी. नोंद सापडलीच नाही तर नमुना 10 मधला 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला लेखी द्यावा. तोंडी नकार व्हिसाच्या अर्जाला जोडता येत नाही.

या शोधाला आणि दुरुस्तीला लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली दिवसांची मर्यादा हवी. कॅनडाची वैद्यकीय तपासणी 12 महिनेच ग्राह्य असते. ती करून घेतल्यावर आईच्या नावाचा प्रश्न उपटला आणि दुरुस्ती लांबली, तर एक्स-रे आणि रक्त-लघवीच्या चाचण्या पुन्हा, खर्चही पुन्हा. परिपत्रक निघेपर्यंत आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आहोत की आधी मुलाचा जन्मदाखला आईच्या पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा, मगच विमा आणि डॉक्टर.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील ज्येष्ठांच्या व्हिसा अर्जांना मदत करणारे नागरिक