बाबा, गाडी कोणाला देऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले की हात आता फार थरथरतो, ट्रिगरवर बोट ठरत नाही, तेव्हा त्यांची क्रॉलर, ती दगडांवर हळूहळू चढणारी रिमोटवरची गाडी, मी घेऊन जावी किंवा नव्याने शिकणाऱ्या एखाद्या मुलाला देऊन टाकावी. त्या वेळी मी ‘बघू’ एवढेच म्हणाले. पण चार दिवस झाले, ते बोलणे मनातून जात नाही, आणि हा विषय फोनवर काढला की बाबा माझ्या नोकरीची चौकशी सुरू करतात हे ठाऊक असल्यामुळे पत्र लिहायला बसले आहे. बाबा, गाडी कोणालाही देऊ नका. पालक आणि मुले यांच्या जोड्यांच्या स्पर्धेत आपल्याला पुन्हा उतरायचे आहे, आणि पूर्वीसारखाच दगडांतून आखलेला एक कोर्स मी चालवीन व दुसरा तुम्ही चालवाल. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. हात थरथरत असताना क्रॉलर चालवता येते की नाही, हे स्वतः तपासून मगच लिहिते आहे.

कसे तपासले ते सांगते. पाण्याने काठोकाठ भरलेली बादली डाव्या हाताने उचलून, हात पुढे ताणून, खांदा भरून येईपर्यंत धरली. बादली खाली ठेवली तेव्हा हात कोपरापासून बोटांपर्यंत कापत होता. त्याच क्षणी ट्रान्समीटर, म्हणजे गाडीचा रिमोट, उचलला आणि गुडघाभर उंचीच्या दगडावर गाडी चढवायला घेतली. माझी थरथर दोन-तीन मिनिटांत ओसरणारी होती आणि तुमची तशी नाही, हे मला कळते. म्हणून हा प्रयोग एकदाच करून थांबले नाही. दोन संध्याकाळी पुन्हा पुन्हा बादली उचलली आणि दर वेळी गाडीत एकच बदल करत गेले.

पहिल्या फेरीत गाडी जशी होती तशीच चालवली, आणि तुम्ही म्हणता तेच घडले. बोट जरा हलले की गाडी हिसका घ्यायची, पुढच्या टायरने दगडावर धरलेली पकड सुटायची आणि गाडी घसरून पायथ्याशी यायची. मग ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलचा, म्हणजे वेगाच्या ट्रिगरचा, एक्स्पो वाढवला, म्हणजे ट्रिगरच्या सुरुवातीच्या हालचालीला गाडी फारच थोडी दाद देते. थ्रॉटलची वरची मर्यादा निम्म्यावर आणली. ३५ टर्नची मोटर काढून ५५ टर्नची, म्हणजे तारेचे वेढे जास्त असलेली आणि म्हणून हळू फिरणारी, बसवली. मग पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, दोन दातांनी लहान केला. गाडीचा वेग त्यामुळे बराच उतरला, पण दगडावर वेग आपल्याला हवा होता कधी? पाचव्या फेरीत माझे बोट तसेच कापत होते आणि चाके मात्र शांतपणे फिरत होती. थरथर ट्रिगरमध्येच विरून जात होती. मोटरपर्यंत पोहोचत होता तो फक्त माझा हेतू. हे पाहिले तेव्हा मी तिथेच दगडाशेजारी बसून राहिले, आणि तुम्हाला लगेच फोन करावा असे फार वाटले. पण फोनवर तुम्ही ‘तुझा हात तरुण आहे’ असे म्हणून विषय मिटवला असता.

आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवली होती. ट्रिगर सोडला की क्रॉलर जागच्या जागी थांबते, कारण ड्रॅग ब्रेक पूर्ण लावलेला असतो. उभ्या चढावर अर्ध्यात बोट काढले तरी ती मागे घरंगळत नाही. शर्यतीच्या गाडीत क्षणभर हात चुकला की वळण गेले. इथे हात चुकतोय असे वाटले की बोट काढायचे, श्वास घ्यायचा, दगड पुन्हा नीट पाहायचा आणि मग पुढचे दोन इंच चालायचे. वेळेची मर्यादा असते हे खरे, पण आपल्या जोडीला वेळ संपल्याचे मला एकदाही आठवत नाही. रेडिओवर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांमध्ये थांबायला इतकी मोकळीक देणारी हीच एक आहे, आणि नेमकी हीच तुम्ही सोडायला निघाला आहात, याचे मला वाईट वाटते.

ट्रान्समीटर हातात धरून ठेवण्याचीही गरज नाही. गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर तो छातीशी टेकलेला राहतो, आणि मनगटाला आधार मिळाला की बोटाची थरथरही कमी होते. मी पट्टा लावून पाहिला आहे. तुम्हाला तो मिरवल्यासारखा वाटेल म्हणून आधीच सांगते की मागच्या खेपेला स्पर्धेत चांगले चालवणाऱ्या तिघांच्या गळ्यात तसाच पट्टा होता.

घरात चालवायला म्हणून १:२४ प्रमाणातली छोटी क्रॉलर घ्यावी असे तुम्हाला कोणीतरी सुचवल्याचे आई म्हणाली. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण मला ते पटत नाही. छोटी गाडी हलकी असते, त्यामुळे बोटाची प्रत्येक चूक तिच्यात मोठी होऊन दिसते, आणि तिचे स्क्रू इतके बारीक असतात की ते हाताळताना माझीच त्रेधा उडते. आपली १:१० ची जड गाडीच तुमच्यासाठी योग्य आहे.

आई, हे पत्र फक्त बाबांसाठी नाही. तुझी ती उभ्या रेघांची वही मी अजून जपून ठेवली आहे. पहिल्याच पानावर तुझ्या अक्षरात लिहिलेले आहे: पुढे १,६२० ग्रॅम, मागे १,०८० ग्रॅम. हे आकडे तू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घेतले होतेस. पुढची दोन चाके काट्यावर ठेवायची आणि गाडी सपाट राहावी म्हणून मागच्या चाकांखाली काट्याच्या उंचीइतकी पुस्तके रचायची, ही युक्ती तुझीच होती. बाबा आणि मी तोपर्यंत गाडी नुसती हातात तोलून ‘पुढे जड वाटते’ असे ठरवत होतो. एकूण वजनातले साठ टक्के पुढे आणि चाळीस टक्के मागे, असा तो हिशेब तुझ्या काट्यावर जमला, आणि त्यासाठी पुढच्या चाकांजवळ पितळेची वजने बसवली. वजन खाली आणि पुढे असले की चढावर नाक उचलले जात नाही, हे मी आज इतरांना समजावून सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो काटा आणि ती पुस्तके असतात.

आणि तुझे गुण मोजणे! स्पर्धेतला पंचसुद्धा तुझ्याइतका कडक नव्हता. गाडी मागे घेतली की एक गुण, ज्या दोन खुणांमधून गाडी न्यायची त्या गेटच्या खुणेला टायर लागला की दहा, हात लावून गाडी सरळ केली तर आणखी दहा, आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. तू अंगणात रचलेल्या दगडांवर मी कितीही अलगद मागे आले तरी तुझा आवाज यायचाच, ‘मागे घेतलीस, एक.’ त्या आवाजाच्या धाकाने मी चालवण्याआधी दगड वाचायला शिकले. त्या वेळी मला राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाबा, कबुलीवरून आठवले. एक गोष्ट मी इतकी वर्षे तुम्हाला सांगितली नाही, आणि ती या पत्रात सांगायचीच असे ठरवूनच लेखणी उचलली आहे. मी चौदा वर्षांची असतानाची ती जोड्यांची स्पर्धा तुम्हाला आठवत असेल. तुमचा कोर्स झाला होता आणि माझा चालू होता. आठ गेटांपैकी सहा पार झाली होती आणि माझ्या नावावर फक्त तीन गुण होते. सातव्या गेटच्या आधी तो तिरपा, गुळगुळीत दगड होता. गाडीने पुढचे उजवे चाक दगडाच्या कडेवर टेकवले, टायरची बाजू चुण्या पडून दबली, त्यातला फोम आत बसला, रबराची बोटे कडेला घट्ट धरून राहिली, आणि आता उचलणार इतक्यात पुढची चाके फिरायची थांबली. फक्त मागची चाके ढकलत राहिली, गाडी आडवी झाली आणि दोन कोलांट्या घेऊन खाली पडली. तुम्ही उचलून पाहिले तर पुढच्या चाकांना फिरवणारा दांडा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, लोंबत होता आणि त्याचा छोटा स्क्रू जागेवर नव्हता. तुम्ही पंचांना आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलेत की शाफ्ट मीच बसवला होता, स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचे थ्रेडलॉक माझ्याकडून राहिले असेल.

बाबा, तुमच्याकडून राहिले नव्हते. तुम्ही शाफ्ट नीट बसवला होतात. आदल्या रात्री तुम्ही झोपल्यावर मी तो साफ करण्यासाठी काढला, आणि परत बसवताना थ्रेडलॉकची निळी बाटली तुमच्या कपाटात होती म्हणून तसाच आवळला. ‘धातूत धातू जात असेल तर एक थेंब, प्लास्टिकमध्ये जात असेल तर नाही,’ हा नियम तुम्ही मला दहा वेळा सांगितला होता. तुम्ही सगळ्यांसमोर चूक स्वतःवर घेतलीत तेव्हा मी गप्प राहिले, घरी येतानाही गप्प राहिले, आणि तुम्ही मात्र त्या रात्री गाडीतला एकेक स्क्रू काढून पुन्हा लावत बसलात. खरे कारण तुम्हाला त्या रात्रीच कळले होते का, हे मी कधी विचारू शकले नाही. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा स्क्रू तुम्ही काढला असेल, तर त्याच्यावरही निळा डाग नसल्याचे तुम्हाला दिसले असणार. मला माफ करा. ही माफी मागायला फार उशीर झाला आहे.

आता हात थरथरतो म्हणून तुम्ही बाजूला होऊ पाहता, त्यामागे चारचौघांत गाडी पडेल ही भीती आहे का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. कंटाळा आला असेल, बसण्या-उठण्याचा त्रास होत असेल, तर मी आग्रह सोडेन. पण लाजेपोटी सोडत असाल तर सोडू नका. दुसऱ्याच्या चुकीने पडलेली गाडी आपली म्हणून उचलणाऱ्या माणसाला स्वतःच्या थरथरत्या बोटाची लाज वाटावी, हे मला सहन होत नाही.

चालवण्यापेक्षाही जे तुमच्याकडे आहे ते मला कोणी शिकवू शकलेले नाही. दगड समोर आला की मी त्याचा माथा पाहते आणि तुम्ही पायथा पाहता. गाडी कुठे पोहोचली पाहिजे याच्या आधी मागचे डावे चाक कुठे असेल, हे तुम्ही सांगता. गेल्या महिन्यात एका कोर्सवर मला चार वेळा मागे घ्यावे लागले, म्हणजे आईच्या भाषेत चार. नंतर मी तो दगड खाली बसून, तुम्ही बसता तसे डोळे जमिनीजवळ आणून पाहिला, तेव्हा उजवीकडून एक सरळ वाट होती.

२०१७ मध्ये ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-४ ही क्रॉलर बाजारात आली तेव्हा मी शिक्षणासाठी घराबाहेर होते, आणि तुम्ही फोनवर तासभर पोर्टल ॲक्सलबद्दल बोलला होतात. चाकाजवळच गिअरची जोडी असल्यामुळे ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर उचलला जातो आणि त्याच्या पोटाखाली दगडाला जागा मिळते. शिवाय वेग कमी करण्याचे काम अखेरीस चाकापाशी होत असल्याने शाफ्टवर ताण कमी येतो आणि जोर लावला की गाडी एका बाजूला पिळली जायची ते बरेच थांबते. मला परीक्षा होती आणि मी अर्धे लक्ष देऊन ऐकत होते. आज मात्र तो तास मला जवळजवळ शब्दशः आठवतो. त्याच फोनमध्ये तुम्ही तामिया कंपनीच्या जुन्या क्लॉड बस्टर गाडीबद्दलही सांगितले होते. १९८७ च्या त्या गाडीला प्रत्येक ॲक्सलवर स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाके वळत, म्हणून पुढे हौशी लोकांनी तिचेच ॲक्सल घेऊन आपापल्या क्रॉलर बांधल्या. ‘कारखान्याने क्रॉलर आणायच्या आधी ती लोकांनी घरात केली,’ असे तुम्ही मोठ्या आनंदाने म्हणाला होतात.

म्हणून आपणही घरातच करू या. मी पोर्टल ॲक्सलचा एक नवा संच घेतला आहे, आणि दोन्ही ॲक्सल व धक्के शोषणारे शॉक माझ्याकडे भरून तयार आहेत. शॉकमधले तेल भरून मी ते रात्रभर उभे ठेवले आणि बुडबुडे निघून गेल्यावरच बंद केले. बारीक स्क्रू मी लावीन. शिमची पातळ चकती एक घालायची की दोन, हे ॲक्सल बोटांनी फिरवून तुम्ही सांगायचे, कारण त्यात थरथरीचा काही संबंध नाही. बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर ठेवल्या आहेत, तेव्हा त्याची काळजी नको. आई, नव्या गाडीसाठी वहीतली पुढची पाने कोरीच ठेवली आहेत, आणि वजनकाट्यातला सेल बदललेला नसेल तर तेवढा बदलून ठेव.

पुढच्या शनिवारी सकाळी मी येते. मोटर गाडीत बसवली आहे, पण तिचे स्क्रू सैलच ठेवले आहेत. पिनियन आणि त्याला जुळणारा मोठा गिअर, म्हणजे स्पर, यांच्या दातांमध्ये कागदाची पट्टी घालून ते अंतर तुम्ही जमवायचे आहे. पट्टी कापून डब्यात ठेवली आहे.

तुमची,
लेक